अकरा-बाराची भिंत

सायमाच्या थोरल्या मुलाची, जिब्रानची, सुंता झाली ते वर्ष दोन हजार अठरा. उरणला लेकीकडचं जेवण आटपून ताहिरा पनवेलला परतली, रिक्षातून उतरली आणि पाहते तर तिच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने आकडा काढून गेलं होतं. अकरा. शेजारच्या वेणूच्या दारावर बारा. रंग अजून ओला होता आणि वेणू ओल्या फडक्याने तो पुसायच्या खटाटोपात होती.

"पुसू नको गं, सरकारी असेल," ताहिरा म्हणाली.

"सरकारी असूदे नायतर कोनाचा पन असूदे. दार माजा हाय, मना इचारला का?" वेणू फडकं पिळत म्हणाली. "बिल्डरची मानसा व्हती. आपली लाइन पारनार, टावर बांदनार. खाली दुकाना, मदी हापिसा, वर घरा. आनि कालवा साफ करून त्याच्या कडंनी फिरायला रस्ता. आमचा बालू सांगत व्हता, बोटी पन सोरनार."

"बोटी? आपल्या ह्या कालव्यात?"

दोघींनी वळून कालव्याकडे पाहिलं आणि दोघींनाही हसू फुटलं.

हसण्यासारखाच होता तो. एके काळी नदीतून भाताच्या गिरणीपर्यंत मुद्दाम खणलेला कालवा. भरतीच्या पाण्यावर पडाव यायचे, भात, मीठ, कौलं घेऊन थेट गिरणीच्या ओट्याला लागायचे. मग रस्ते झाले, ट्रक आले, गिरणीचा पट्टा एकदा थांबला तो थांबलाच. कालव्यात गाळ भरला, गाळावर कांदळ उगवलं आणि बाकीच्या जागेत गावाने कचरा टाकला. कोणीतरी फेकलेला एक सोफा बरोबर मध्यावर रुतून बसला होता आणि ओहोटीला त्यावर बगळा बसायचा. गिरणीच्या धुराड्यात घारींनी घर केलं होतं. कामगारांसाठी बांधलेली कौलारू खोल्यांची लाइन तेवढी माणसांकडे राहिली होती. पनवेलच्या ऐन मध्यात असून तिथे रिक्षावाला यायला कां-कूं करायचा.

ह्या लाइनीत ताहिरा लग्न होऊन आली आणि त्याच वर्षी वेणूही आली. एक कोकणी मुसलमानाची, एक आगऱ्याची. दोघींच्या मधे एक विटेची भिंत. ताहिराचा रहीम परदेशी बोटीवर खानसामा होता. दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, पेटीभर सामान आणि आंबट चेहरा घेऊन, आणि चेहरा जरा हसरा व्हायला लागेपर्यंत पुन्हा जायची वेळ व्हायची. वेणूचा दयाराम गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर त्याच गिरणीवर रखवालदार. म्हणजे रात्री दोन्ही घरांत पुरुष नाही.

नळाला पाणी पहाटे यायचं. जिला आधी जाग येईल तिने पळीच्या दांड्याने भिंत ठोकायची. दुसरीने उलट ठोकलं की समजायचं, उठली. एवढंच होतं ते. पण पुढे त्याला फाटे फुटले. कालवण जास्त झालं की ठोकायचं. पोर रडायचं थांबत नसलं की ठोकायचं. काही नसलं तरी संध्याकाळी एकदा ठोकायचं. रमजानच्या महिन्यात सहरीला, रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, उठवायचं काम वेणूचं. ती रोजे धरत नसे, पण महिनाभर तिची झोप मात्र रोज्याला असायची. ताहिराच्या घरात गजराचं घड्याळ कधी आलंच नाही.

रहीम कायमचा घरी आला आणि चार वर्षांत वारला. त्या पहाटे तो उठेना, तेव्हा ताहिरा त्याच्या उशाशी बसून राहिली, भिंतीकडे हात गेला नाही. तरी वेणू दारात उभी. मागाहून ताहिराने विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

"पानी येऊन गेला नि तू ठोकला नाय," वेणू म्हणाली. "म्हनून आली."

त्यानंतर ताहिराने करंजाहून सुकी मासळी आणून दारात बसून विकायला सुरुवात केली. सुकट, जवळा, बोंबील. वेणू समोर बसून गिऱ्हाइकांची थट्टा करायची. दयारामही पुढे गेला. ताहिराचा मुलगा माज शारजाला नोकरीला लागला, सायमा उरणला गेली, वेणूचा मुलगा बाळू तळोज्याच्या कारखान्यातल्या लोकांना ने-आण करणारी बस चालवू लागला. भिंत तशीच होती.

त्यामुळे लाइन पाडायची बोलणी सुरू झाली तेव्हा बाकीचे लोक चौरस फुटांवर भांडत होते आणि ह्या दोघींचं मागणं एकच होतं. लाइनीचा सेक्रेटरी प्रभाकर, टपाल खात्यातून रिटायर झालेला, सभेला सगळं फोड करून सांगायचा. तो म्हणाला, "घरं सोडतीने मिळणार. चिठ्ठी निघेल ते घर."

वेणू उभी राहिली. "आमची चिट्टी एकच काड."

"एकच कशी काढू, वेणूबाई? घरं दोन आहेत तुमची."

"मंग दोन चिट्ट्या चिकटवून टाक."

सगळी सभा हसली. चिठ्ठ्या मात्र चिकटल्या नाहीत. वेणूला सहाव्या मजल्यावरचं सहाशे तीन आलं आणि ताहिराला अकराव्यावरचं अकराशे दोन. सहाशे चार कोणाला आलं, तर लाइनीतल्या तीन नंबरच्या खोलीतल्या कुमुदला. कुमुद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, स्वभावाने वाईट नव्हती, पण तिच्या मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं काम होतं आणि त्याला दुकान मिळालं नव्हतं. ताहिराला मिळालं होतं. दारात बसून का होईना ती धंदा करते असं सर्व्हेत नोंदलं होतं, म्हणून तिच्या नावावर खाली एक गाळा निघाला होता, तोही कालव्याच्या तोंडाचा. सगळ्यात भारी गाळे ते.

ताहिराने तो गाळा कुमुदच्या मुलाला दिला आणि सहाशे चार घेतलं. अकराशे दोनही कुमुदकडे गेलं. प्रभाकरने तिला बाजूला घेऊन समजावलं, "ताहिराबी, घाई करताय. असा गाळा पुन्हा मिळायचा नाही."

"मिळू नये. काचेचं दार असतं त्या दुकानाला. बोंबील टांगू देतील का मला तिथे?"

शारजाहून माज फोनवर किंचाळला. "अम्मी, एका भिंतीसाठी दुकान दिलंस? लोकांना सांगायची मला लाज वाटेल."

"मग सांगू नको," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

त्या दिवशी वेणू तिच्याकडे आली. उंबऱ्यावर बसली. मग एकदम म्हणाली, "येरी हायस तू." उठताना म्हणाली, "अकरा-बारा व्हता, आता तीन-चार झाला. नंबर कमी झाला म्हंजी आपून तरन्या झालो."

लाइन पाडली ती ताहिराने पाहिली नाही. सामान टेम्पोत घालून ती आदल्या दिवशीच तळोज्याला गेली, बिल्डरने भाडं दिलेल्या खोलीत. वेणू बाळूबरोबर सुकापूरला गेली. दोन वर्षांत किल्ली मिळेल असं सांगितलं होतं. मग तो आजार आला, काम बंद पडलं. बांधकामाचे मजूर गावाला निघून गेले, आणि कालव्याकाठी अर्ध्या उंचीचे खांब सळया बाहेर काढून उभे राहिले.

तळोज्याला हवेत सकाळी एक आंबूस वास असायचा. ताहिरा म्हणायची, माझ्या सुकटीचा वास बरा, निदान तो कशाचा आहे ते कळतं. इथे तिला कोणी ओळखत नव्हतं. वरच्या मजल्यावर कोण राहतं, खाली कोण, पत्ता नाही. दारं बंद. पहिल्याच आठवड्यात ती पहाटे उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि हातातल्या पळीने भिंत ठोकली. पळी खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. पण तोवर दार वाजलं. पलीकडचा तरुण, डोळे लाल, केस उभे.

"काय झालं खाला? बरं नाही का वाटत?"

"काही नाही बेटा. हात लागला."

"रात्रपाळी करून आत्ताच पडलो होतो हो," तो बिचारा म्हणाला आणि गेला.

ताहिराला इतकी शरम वाटली की चहा तिने उभ्यानेच प्यायला. त्यानंतर कितीदा तरी हातात पळी यायची, भिंतीपर्यंत जायची आणि परत भांड्यात पडायची.

वेणूशी फोन व्हायचा. पण फोनवर वेणू परकी वाटायची. समोर शेत आहे आणि पलीकडच्या बांधावर माणूस उभं आहे असं समजून ती ओरडायची, आणि ओरडताना माणसाला मनातलं काही सांगता येत नाही.

"जेवलीस का गं?"

"जेवले. तू?"

"आँ?"

"तू जेवलीस का म्हटलं!"

"हां हां. ठेवती आता, बिल येल."

बिल येत नाही असं बाळूने तिला दहादा सांगितलं होतं.

दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात वेणू जिन्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा पायावर उभी राहिली नाही. ताहिरा तळोज्याहून दोन रिक्षा बदलून गेली, तिच्याजवळ बसून आली. निघताना वेणूने तिचा हात धरला.

"टावर वर गेला म्हनं. भिंती झाल्या. जाऊन बग ना आपला घर. मना तर कोन नेनार नाय."

"बघून येते."

"नीट बग. ठोकून बग."

म्हणून ताहिरा प्रभाकरला घेऊन साइटवर गेली. कालवा तिने ओळखलाच नाही. दोन्ही बाजूंना दगडी काठ बांधला होता, कांदळ एका कोपऱ्यात कुंपण घालून ठेवलं होतं, सोफा नाही, बगळा नाही. पाणी अजून काळंच होतं, पण सरळ रेषेत काळं. बिल्डरकडचा इंजिनियर स्वानंद, विशीतला पोरगा, त्याने तिच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं. डोक्यावरच्या ओढणीवरून ते सरकायला लागलं तेव्हा तो हसून म्हणाला, "आजी, शोभतंय तुम्हाला. सुपरवायझरच वाटताय."

"मग पगार चालू कर," ताहिरा म्हणाली.

मालाच्या लिफ्टमधून ते सहाव्या मजल्यावर गेले. दारं बसायची होती, फरशी नव्हती. स्वानंदने मोकळ्या चौकटीवर खडूने लिहिलेला आकडा दाखवला. सहाशे चार. आत हवा भरपूर होती. खिडकीतून कालवा दिसत होता आणि गिरणी होती त्या जागेवर गाड्या ठेवायची इमारत. ताहिराने खिडकीकडे एकदाच पाहिलं.

"सहाशे तीन कुठल्या अंगाला?"

"हे काय, ह्या बाजूला."

ती त्या भिंतीपाशी गेली. पिशवीतून पळी काढली. पळी बरोबर आणली आहे हे तिने प्रभाकरलाही सांगितलं नव्हतं. तिने दांड्याने ठोकलं आणि कान लावला. आवाज पलीकडे गेला, आणि गेला तो कुठेच थांबला नाही. विहिरीत दगड टाकल्यासारखा खाली खाली गेला.

"पोकळ आहे का रे?"

"नाही आजी, भिंत पक्की आहे. पलीकडे लिफ्टचा खड्डा आहे. दोन लिफ्ट आणि जिना. त्याच्या पलीकडे तीन नंबर."

ताहिराने प्रभाकरकडे पाहिलं. प्रभाकर चष्मा काढून पुसत होता.

"तीन आणि चार शेजारी नाहीत?"

"शेजारीच आहेत की," स्वानंद म्हणाला. "दारासमोर दार. मधे फक्त लॉबी. तुमची कॉमन वॉल पाच नंबरशी आहे."

लाइनीत आकड्यामागून आकडा म्हणजे भिंतीला भिंत. आजवर दुसरं काही पाहिलंच नव्हतं, तर विचारायचं सुचणार कसं? प्रभाकर जिना उतरताना पुटपुटला, "माझ्याही लक्षात नाही आलं हो. मला वाटलं तीन, चार..." ताहिराने पळी पिशवीत टाकली. हेल्मेट तिने परत दिलं. खाली कालव्याच्या तोंडाशी गाळ्यांना शटर बसवत होते. कुमुदच्या मुलाचा गाळा कोणता हे तिने विचारलं नाही आणि प्रभाकरनेही दाखवला नाही.

तिथून ती तळोज्याला न जाता सुकापूरला गेली. नीता, बाळूची बायको, तिने दार उघडलं. वेणू खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.

"आली का गं? बगितलास?"

"बघितलं."

"कसा हाय?"

"मोठं आहे. हवा चांगली. तुझ्या मोरीला खिडकी आहे, उभ्याने कालवा दिसतो."

"मी उबी कुठं ऱ्हानार. भिंत सांग."

ताहिरा खाटेच्या कडेवर बसली. नीता आत चहा टाकत होती, कपबशांचा आवाज येत होता.

"भिंत पक्की आहे," ताहिरा म्हणाली. "ठोकून बघितली. आवाज जातो. तुझी चूल बरोबर त्या अंगाला येते."

वेणूने डोळे मिटले. तिच्या तोंडावर हसू आलं, जुनं, गिऱ्हाइकाची टर उडवतानाचं. "लय बरा झाला," ती म्हणाली. "मंग तुजा दुकान फुकट नाय गेला."

"नाही गेलं."

"पली आनलीस?"

ताहिराने पिशवीतून पळी काढली. वेणूने ती घेतली, खाटेच्या लोखंडी पट्टीवर ठोकली, आणि ताहिराच्या हातात दिली. ताहिराने उलट ठोकलं. नीता चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हे काय चाललंय दोघींचं?"

"पानी आला," वेणू म्हणाली.

गणपती झाले की पुन्हा येते, असं सांगून ताहिरा उठली.

किल्ल्या मिळाल्या दोन हजार चोवीसच्या शेवटी. खाली मांडव, फुगे, कालव्यात सोडलेली एक रंगीत बोट. तिच्यात पोरं बसून दहा हात पुढे आणि दहा हात मागे जात होती. प्रभाकर एकेकाचं नाव पुकारत होता. सहाशे तीनची किल्ली बाळूने घेतली. घेतल्यावर तो ताहिरापाशी आला, खाली वाकून पाया पडला.

"मावशी, आमी काय इथं येत नाय. सुकापूरची शालाच बरी परते पोरांना. भाड्यानं दिला हाय."

"बरं केलंस."

तो जाईना. किल्ली बोटात फिरवत राहिला.

"एक सांगायचा व्हता. त्या दिवशी तू आईला बोललीस ना, भिंत एकच हाय म्हनून. नीतानं ऐकला व्हता."

ताहिराने मान वर केली नाही.

"आईला म्हाईत व्हता, मावशी. लाइन पारली त्याच वर्सी मी नकाशा बगून आलो व्हतो. सांगितला तिला, मदी लिफ्ट हाय. तर मनाच वरडली. म्हनाली, ताहिराला बोलायचा नाय. तिनी दुकान सोरलाय."

मांडवात टाळ्या झाल्या. कोणाचं तरी नाव पुकारलं. ताहिराने ओढणी पुढे ओढून घेतली.

"मग मला बघायला का धाडलं रे तिने?"

"काय म्हाईत," बाळू म्हणाला. "तुज्या तोंडून आयकायचा आसंल."

आता सहाशे तीनमध्ये सत्यजीत आणि वल्लरी राहतात. दोघं मुंबईला नोकरीला, माणसं सालस आहेत. वल्लरीने पहिल्याच दिवशी लिफ्टपाशी उभं राहून सांगितलं, "काकू, काहीही लागलं तर बिनधास्त व्हॉट्सअ‍ॅप करा." पाच नंबरचं घर अजून बंद आहे, कोणी गुंतवणुकीला घेतलेलं. खाली कालव्याकाठी संध्याकाळी लोक फिरतात, कानात इयरफोनची बोंडं घालून. ताहिरा एकदा गेली, बाकावर बसली आणि परत आली. तिला ओळखणारं कोणी फिरत नव्हतं.

रमजान आला. सुट्टीवर आलेल्या माजने फोनमध्ये गजर लावून दिला होता, पण पहिल्या पहाटे गजराच्या आधीच तिला जाग आली. भिंतीतून काहीतरी धडधडत वर येत होतं. दूधवाल्याची लिफ्ट. सहाव्या मजल्याशी थांबली, दार उघडल्याचा आवाज, मिटल्याचा आवाज. ताहिरा उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने पळी घेतली आणि भिंतीवर ठोकली. थांबली. लिफ्ट खाली निघून गेली. भिंतीला हात लावला तर ती जराशी थरथरत होती आणि मग तीही थांबली.

मग तिने सहरीला घरात होतं ते खाल्लं, पाणी प्यायलं, फजरची नमाज पढली. दुआ मागताना सगळ्यांची नावं घेतली. रहीमचं, दयारामचं, आणि शेवटी वेणूचं.

वेणू दयाराम म्हात्रे दोन हजार बावीस साली, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, सुकापूरला मुलाच्या घरी वारली. सहाशे तीन नंबरचं घर तिने पाहिलं नव्हतं.